पाटा धुवायचा राहिला

माय,

मी कोण ते तुला आधी सांगावं लागेल. तू अशी विसरभोळी, की चुलीवर दूध ठेवून शेजारणीच्या ओट्यावर मिरच्या निसायला जाऊन बसायचीस, आणि दूध उतू गेल्याचा वास आला की त्या बिचारीलाच म्हणायचीस, "पाय वं, तुह्यं दूध गेलं." म्हणून सांगते. मी तुझी थोरली. काळी. अमरावतीच्या मळ्यात वाढली आणि अकोल्याला दिली, ती. धाकटी समजून बोलायला लागू नकोस. तिच्याशी बोलायचं ते वेगळं आहे आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त तक्रारी आहेत.

लिहून राहिली आहे ती माझी नात. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं, म्हणजे ही चिठ्ठी आपल्या दोघींपैकी एकीलाही वाचता यायची नाही. पण पोरगी शाळेत गेलेली आहे, तिला काहीतरी काम पाहिजे. ती माझं बोलणं स्वच्छ करून लिहिते, मी "मले" म्हटलं की तिच्या टाकातून "मला" उतरतं. मी म्हटलं, माझ्या बोलण्याचं काय करायचं ते कर, त्याला आंघोळ घाल, भांग पाड. पण दुसरे लोक जे बोलले ते जसंच्या तसं लिही. मेलेल्या माणसाच्या तोंडी शाळेतली भाषा घातली तर तिथे त्याला कोणी ओळखणार नाही.

आज सकाळी हीच नात म्हणाली, "आजी, मले उटणं लावून दे ना, परवा पाहुणे येऊन राह्यले." मी हो म्हटलं. चारोळी दुधात भिजत घातली, पाटा काढला, पालथा केला, आणि त्याची पाठ धुवायला बसली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, पाणी टाकलं, पुन्हा राख घेतली. सून पाहत होती. म्हणाली, "आत्याबाई, पाटा धुऊन राह्यल्या का झिजवून राह्यल्या?" मी हसली. पण हात थांबेना. चारोळी तशीच भिजून फुगली आणि माझ्यानं ती वाटवली नाही. मग मी पोरीला म्हटलं, टाक-दौत आण, मला तुझ्या पणजीला एक विचारायचं आहे.

ते हे. माझ्या तोंडाला उटणं लावलंस त्या दिवशी पाटा धुवायचं तू खरंच विसरली होतीस का?

एवढंच विचारायचं आहे. पण तुला एकदम विचारलं की तू म्हणशील, "कोनता पाटा?" म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

तुझे हात मला अजून पाठीवर जाणवतात. वांग्याच्या काट्यांनी आणि मळ्यातल्या निंदण्यानं ते असे झाले होते की तुला घासायला वेगळं काही लागतच नसे. मसुरीची डाळ वाटून दुधात कालवायची, हळद टाकायची, संत्र्याची वाळलेली सालं कुटून मिसळायची, आणि मग जे चोळायला लागायचीस ते कोपरापासून मळीच्या वळ्या निघेपर्यंत. मी ओरडायची. तू म्हणायचीस, "मळ निंघून राह्यला, जीव नाही निंघून राह्यला." टाचांना खरबरीत विटेचा झावा. एकदा मानेलाही झावा लावलास, मी म्हटलं, "माय, हे मान हाय, टाच नाही." तू म्हणालीस, "तुह्या मानीचा अन् टाचीचा रंग एकच हाय, मले अंधारात कसं समजन?" धाकटी न्हाणीच्या कुडामागे उभी राहून हसायची आणि तिची पाळी आली की मी हसायची. आम्ही दोघी एकाच तव्याच्या भाकरी. ती कणभर कमी भाजलेली, इतकंच.

तुला रंगाची हौस होती असं मला कधी वाटलं नाही. तुला भीती होती. तुला पाहायला जे पहिले लोक आले होते, त्यांनी तुला पाहिलं आणि समोर ठेवलेलं पाणीही न पिता उठले. ही गोष्ट तू आम्हाला सांगितली नाहीस, आजीनं सांगितली, तुझ्यादेखत, हसून. तू तेव्हा भाजी जुडत होतीस. जुडी बांधलीस, फेकलीस, दुसरी घेतलीस. त्यानंतर आमच्याकडे कोणीही आलं, अगदी वाट चुकलेला म्हातारा, तरी तू पहिलं पाणी पुढे करायचीस आणि तो पिईपर्यंत तिथून हलायची नाहीस.

मग अकोल्याहून निरोप आला, मला पाहायला येणार म्हणून. आपल्यासारखेच भाजीवाले, नदीकाठी मळा, घर खाऊनपिऊन बरं. त्याच दिवसांत वहिनी बाळंत झालेली. तिच्या लाडवांत गोडंबी पाहिजे म्हणून दादानं परतवाड्याच्या बाजारातून बिबे आणले आणि त्याच फडक्याच्या दुसऱ्या गाठीत माझ्या तोंडासाठी चारोळी आणली. दोन्ही मेळघाटातलीच. एक खायची आणि लावायची, दुसऱ्याचा नुसता गर, ती गोडंबी, खायचा, आणि त्याचं काळं तेल अंगाला लागलं की बिबा उततो, माणूस सुजून फोडांनी भरतो.

बिबे फोडायला आपल्या अंगणात वेगळा दगड होता. त्या आठवड्यात बाबांनी तो विहिरीच्या थारोळ्याखाली, मोटेचं पाणी पडतं तिथे, टेकण म्हणून लावला होता. तू इकडेतिकडे पाहिलंस, मग घरातला पाटा बाहेर आणलास, पालथा केलास आणि त्याच्या पाठीवर बिबे फोडले. हाताला तेल, तेलावर राख, तोंडावर पदर. आम्हाला अंगणाच्या पार टोकाला उभं केलं होतंस. धाकटीला सावलीचीही बाधा होईल म्हणून ओरडत होतीस. गोडंबी निघाली, टरफलं तू उकिरड्यात पुरलीस, पाटा उचलून चुलीजवळ नेलास. काळ्या पाट्यावर काळा डाग. कोणाला दिसणार?

आता हे नातीसाठी सांगते, तुला ठाऊक आहे. पाट्याची वरची बाजू टाकी लावून, टोचून खरखरीत केलेली असते, तिच्यावर मिरची वाटतात. तोंडाचं उटणं तिच्यावर वाटलं तर दगडाची कच राहते आणि गाल ओरबाडतो. म्हणून तू चेहऱ्याचं उटणं कायम पाट्याच्या गुळगुळीत पाठीवर वाटायचीस. दुसऱ्या कोणाच्या घरी मी ही रीत पाहिली नाही. ती तुझी होती.

तर तू चारोळी वाटते आहेस. मला समोर बसवलं आहे. दुधाचा आणि चारोळीचा वास येतो आहे, गोड. तू माझी हनुवटी धरतेस आणि कपाळापासून खाली लावत येतेस, नाकाच्या बाजूंनी, कानांपर्यंत. चोळत नाहीस. मी म्हणते, "आज चोळत नाही काय वं?" तू म्हणतेस, "तोंडाले नाही चोळाव. चूप बस."

संध्याकाळी तोंड खाजायला लागलं. सकाळी डोळे उघडेनात. मी हातानं चाचपलं तर तोंड माझं नव्हतं, कोणीतरी भोपळा आणून माझ्या मानेवर ठेवला होता. मग पाण्याचे फोड आले, फुटले, गळायला लागले. तू खोबरं आणि तीळ वाटून लावत होतीस, खोबरेल लावत होतीस, आणि "देवा रे, देवा रे" करत होतीस. ते "देवा रे" मला अजून ऐकू येतं. त्यात खोटं मला सापडत नाही. मी बरीच वर्षं शोधलं.

त्या दिवशी बांगड्या भरणारी चाची आली होती, तुला आठवते, जिच्या टोपलीत बांगड्यांपेक्षा गावाच्या बातम्या जास्त असायच्या. तिनं मला पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. बिब्याला ती भिलावा म्हणायची.

"अगे माय! ये तो भिलावा उत्या है."

"पाट्याले लागला होता," तू म्हणालीस. "मी धुवाचंच इसरली."

चाची तुझ्याकडे पाहत राहिली. "भिलावा कोई भूलता है क्या, बाई? साँप घर में रख के कोई भूलता है?" मग तिनं तुझे दोन्ही हात धरले, बांगड्या भरताना धरायची तसेच, आणि उलटसुलट करून पाहिले. "तुम्हारे हाथ को तो कुछ नहीं हुआ."

"माह्या हाताले काय होते? चामडं हाय ते."

मला डोळे उघडता येत नव्हते, त्यामुळे तुझा चेहरा मी पाहिला नाही. ऐकलं फक्त. तू हात सोडवून घेतलास तशा तुझ्या बांगड्या वाजल्या.

तू अकोल्याला निरोप पाठवलास, पोरीला ताप आहे, थोडं थांबा. मला मागच्या खोलीत ठेवलंस, दाराला ओलं गोणपाट. ऊन नाही, चूल नाही, मळा नाही. आणि मग एक दिवस कातडी सुटायला लागली. कांद्याचा पापुद्रा निघतो तशी, पातळ, कडेनं. मी ओढायला गेली तर तू हातावर मारलंस. "आपोआप निंघू दे." ती निघाली आणि खालून जे आलं, माय, ते तुला मी काय सांगू, तूच तर दिवा धरून पाहत होतीस. कोवळं. गुलाबी. उसाचं पेर सोलल्यासारखं. वहिनी बाळाला घेऊन दारात आली आणि म्हणाली, "मायबाई, ही कोन?" धाकटी पुढे आली. तिनं फक्त एक बोट माझ्या गालाला लावलं आणि पटकन मागे घेतलं.

पाहुणे आले. माझी होणारी सासू मला उजेडात घेऊन गेली, हनुवटी वर केली, आणि तिच्याबरोबरच्या बाईला म्हणाली, "नाजूक हाय पोट्टी. उन्हात गेलीच नाही वाटते कवा." आयुष्य जिचं वांग्याच्या वाफ्यांत गेलं तिच्याबद्दल हे. मला हसू आलं, तू मागून चिमटा काढलास. त्यांनी पाणी प्यायलं, दुसऱ्यांदा मागून प्यायलं. तू त्यांच्या हातातल्या पेल्याकडे पाहत होतीस.

मग तू लग्नाची घाई केलीस. बाबा म्हणत होते हंगाम होऊ दे, दादा म्हणत होता मांडवाचं सामान जमू दे. तू म्हणालीस, "नाही, पहिलाच मुहूर्त." तोवर मला दाराबाहेर सोडलं नाहीस. मांडवात सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या आणि मला फार बरं वाटत होतं. हे तुला सांगितलेलं नाही.

अकोल्याचं ऊन तुला ठाऊक आहे, ते कोणाची भीड ठेवत नाही. पावसाळा गेला, मी नदीकाठच्या मळ्यात उतरली, आणि माझा रंग घरी परत आला. एकटा आला असता तरी चाललं असतं. तो ठिपक्याठिपक्यांनी आला. गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर काळे डाग, आणि मधेमधे पांढुरकी कातडी. सासूनं एक दिवस मला दाराशी धरलं. "हे काय वं? ताप आला होता म्हने. कोनता ताप होता तो, रंग देऊन जाते अन् रंग घेऊन जाते?" मी पदर ओठावर ओढून आत गेली. त्यावर ती रोज बोलायला लागली. भाकरी थापता थापता, झाडलोट करता करता. "आमाले दाखवली ती कोन होती?" नवरा हसून म्हणायचा, "तेच हाय माय, मी मोजून आनली." त्याचा तो हसरा स्वभाव नसता तर मी नदीत गेली असती. हे मी गमतीनं म्हणत नाही. पोरी, हे लिही.

दिवाळी झाली आणि आपल्याकडचा भाजीवाला अकोल्याच्या बाजारात भेटला. घरचं खुशाल सांगितलं, मग म्हणाला, "धाकटीले पाह्यले परतवाड्याचे पाहुने येऊन राह्यले. तुह्या मायनं माह्याच हाती बिबे मागोले." मी विचारलं, "वहिनीले पुन्हा दिवस गेले काय?" तो म्हणाला, "नाही बा. तसं तं काही नाही."

घरात बाळंतीण नाही. मग बिबे कशाला?

त्या बाजारात मेथीच्या जुडीवर हात ठेवून मी किती वेळ उभी होती, कोण जाणे. मला अक्षर येत असतं तर दोन ओळी खरडून त्याच्याच हाती दिल्या असत्या. तोंडी निरोप दिला तर तो अमरावतीभर होईल आणि धाकटीचं लग्न तिथंच मोडेल. स्वतः जाण्याशिवाय रस्ता नव्हता. मी सासूसमोर उभी राहिली. म्हटलं, "आत्याबाई, मले माहेरी जाऊ द्या."

"काहून?"

"जाऊ द्या."

ती तडकून म्हणाली, "जाय! जाय अन् दाखव तुह्यं तोंड तुह्या मायले!"

मी म्हटलं, "त्यासाठीच चालली."

यावर, माय, ती पदर खोचून म्हणाली, "थांब, मी बी येतो. मलेबी इहिनीशी बोलाचं हाय." झालं. आगगाडीत बडनेऱ्यापर्यंत ती तोंडाचा पट्टा तालीम म्हणून चालवत होती, तुला काय काय म्हणायचं ते सगळं आधी मला म्हणून पाहत होती, आणि मी खिडकीतून बाहेर पाहत एकच धरून बसली होती, की अजून लावलं नसेल.

आम्ही दारात आलो. तुला ते दिसतं का अजून? चुलीपुढे धाकटी पाटावर बसली आहे. तोंड धुतलेलं, केस मागे बांधलेले, डोळे मिटलेले, जशी देवळात बसते. तुझ्या हातात काशाची वाटी. वाटीत चारोळीचं उटणं, पण रंग पांढरा नाही, मातकट. शेजारी लिंबाची काडी, तिचं टोक काळं. त्या वेळी पाटा उभा करून भिंतीला लावलेला होता, स्वच्छ. काय घातलं होतंस ते वाटीत घातलं होतंस.

सासू माझ्यामागून गरजली, "इहीनबाई! पोरगी आमाले एक दाखवली अन् पाठवली दुसरी. खरी कोनती, तेवढं सांगा."

तू दचकलीस, पण सवय कुठे जाते? म्हणालीस, "या. बसा. पानी घ्या."

"पानी मागून. आधी रंग."

धाकटीनं डोळे उघडले. मला पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तरी म्हणाली, "माय, लाव ना वं लवकर. वाळून राह्यलं ते."

मी तिच्या पुढ्यात जाऊन बसली. तिच्या आणि तुझ्या मधे. गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. म्हटलं, "आधी मले लाव."

"तुले काहून?"

"माहा उतरला. सासू म्हनते, होता तसा करून आन."

"मी कवा म्हनली असं?" सासू मागून ओरडली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

तू दोन बोटं वाटीत बुडवलीस. बोटांना तेल लावलेलं होतं, चकाकत होतं. हात माझ्या गालापर्यंत आणलास. मी डोळे मिटले नाहीत. या वेळी तुझा चेहरा मला पाहायचा होता. तू डाग पाहत होतीस, एक एक, भाजीतली कीड पाहावी तशी जवळून.

"हे कवापासून?"

"दसऱ्यापासून."

"दुखते?"

"उन्हात गेली का चरचरते."

तुझा हात तसाच हवेत. बोटावरून उटण्याचा एक थेंब तुझ्याच लुगड्यावर पडला. मग तू हळूच म्हणालीस, कोणी ऐकू नये अशी, "तवा मी इसरली होती वं."

मी म्हटलं, "अन् आता?"

"आता आठोते मले."

तू उठलीस. वाटी घेऊन मागच्या दारानं गेलीस आणि उकिरड्यात खड्डा करून ती पुरलीस, वाटीसकट. सासू तुझ्यामागे गेली. भांडायला म्हणून इतक्या दूर आलेली बाई खड्ड्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "काशाची होती. धुऊन तरी घ्याची." आणि मग तिनं तुझ्याकडे पाणी मागितलं. तू रडायला लागलीस. त्यानंतर माझ्या रंगावरून ती बोलायची थांबली असं नाही, पण "दाखवली ती कोन होती" हे पुन्हा म्हणाली नाही.

इथवर सांगितलं की लोक म्हणतात, वा, वाचवलीस बहिणीला. आता पुढचं ऐक, जे तू अर्धंच पाहिलंस.

परतवाड्याचे पाहुणे आले. धाकटी आपल्या रंगानं त्यांच्यासमोर बसली. त्यांनी पाणी प्यायलं, पोहे खाल्ले, आणि नाही म्हणून कळवलं. दुसरे आले, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी त्याच परतवाड्यात तिला बिजवराला दिली. वाईट माणूस नव्हता, पण पहिलीची मुलं धाकटीएवढीच होती. जंगलाच्या मालाचं दुकान त्याचं, सेमाडोहकडून येणारी चारोळी, मध, आणि हो, बिबे. पोत्यांनी बिबे. माझी बहीण त्या पोत्यांच्या वासात म्हातारी झाली. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेली तेव्हा ती मला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, तू त्या दिवशी आली नसती तं मी बी गोरी झाली असती."

मी म्हटलं, "अन् मंग माह्यासारखी झाली असती. पाय माह्यं तोंड."

"तुह्यं तोंड मंग झालं असं. लग्न तं झालं ना आधी."

ऐकलंस, माय? ती अजून हे म्हणते. हसून म्हणते, म्हातारपणात सगळं हसूनच म्हणतात. मला चांगला नवरा मिळाला तो त्या कोवळ्या कातडीच्या जोरावर, आणि तिच्या वाटणीची कातडी मी उकिरड्यात पुरायला लावली. जळलं असतं, पू झाला असता, डोळा गेला असता, हे सगळं मी तिला सांगते. "गेला असता," ती म्हणते. "नाही बी गेला असता." तिला कोणी विचारलंच नव्हतं, ना तू, ना मी.

आता चाचीचं बोलणं. बिबा कोणी विसरतो का? हे मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन आहे, पण तुझी ती वाटी पाहीपर्यंत ते नुसतं पडून होतं. वाटी पाहिली आणि मागचं सगळं उलटं दिसायला लागलं. त्या दिवशी चोळलं का नाहीस? हातांना काही का झालं नाही? पहिला मुहूर्त का? पण मग ते "देवा रे" आठवतं. आणि हेही खरं, की एकदा चुकून झालेलं पाहूनच दुसऱ्यांदा जाणून करायची बुद्धी झाली असेल. दोन्ही बाजूंनी पाहते. पाटा उलटते आणि पालटते.

आणि खरं सांगू का? तू विसरभोळी नव्हतीस. दूध तुझ्याकडून एकदाच उतू गेलं, बाळंतिणीच्या गडबडीत. एरवी कोणत्या वाफ्याला कधी पाणी दिलं, कोणाच्या घरी बारशाला काय नेलं, तुला पाहायला आलेल्यांपैकी कोण कुठे बसलं होतं, सगळं तुझ्या जिभेवर असायचं. विसरभोळी माय मी बनवली, सासरी, पोराबाळांना हसवायला. एका दुधाची मी शंभर दुधं केली. आता ही नातसुद्धा म्हणते, "आपली पणजी लय इसरे ना?" मला असं माणूस पाहिजे होतं जे पाटा धुवायला विसरू शकतं.

तुला विचारायला जागा होती. तापाच्या साथीत तू पडलीस तेव्हा मी आली होती. ओल्या फडक्यानं तुझं तोंड पुसत होती. कपाळापासून खाली, नाकाच्या बाजूंनी, कानांपर्यंत. तू डोळे उघडून माझ्या गालाकडे पाहिलंस आणि हात उचललास, पण तो पोचला नाही. मी तुझा हात धरून तिथं नेला असता तर कदाचित काही बोलली असतीस. मी तो घडीच्या घोंगडीवर परत ठेवला.

नात थांबली आहे. तिनं टाक खाली ठेवला आणि माझ्या गालाकडे पाहते आहे. इतकी वर्षं पाहत आली, पण हे वयाचे डाग आहेत असं तिला वाटत होतं. ती विचारते, "आजी, मंग चारोळीचं काय करू?" मी म्हटलं, तुझं तोंड, तू सांग. ती टाक पुन्हा उचलून विचार करते आहे. करू दे. तोवर एक राहिलंय ते तू ऐक, आणि ऐकून तुझ्यापाशीच ठेव.

त्या दिवशी मी मधे बसली आणि "आधी मले लाव" म्हटलं. सगळ्यांना वाटतं मी तुला अडवायला म्हटलं. धाकटीलाही तसंच वाटतं, म्हणून ती चिडते. अडवायचं होतंच. पण तुझी बोटं गालाजवळ आली, चारोळीचा तो वास आला, आणि माय, मला वाटलं, लाव. एकदा अजून लाव. मांडवातलं ते तोंड मला परत पाहिजे होतं. तू थांबली नसतीस तर मी हलली नसती.

बस. पोरी, ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही, आणि परतवाड्याला तर मुळीच वाचून दाखवायची नाही. उद्या तुझा काका तिकडे चालला आहे, त्याच्या हाती धाकट्या आजीकडे काहीतरी पाठवावं लागेल. कडक भाजलेले रोडगे नको, तिला दात नाहीत. काडीवर वळलेले ते कणकेचे सरगुंडे बांधून दे, कच्चेच दे, शिजवले तर गाडीत लगदा होईल. गूळ सोबत दे, तूप सोबत दे, पण आपण काही मिसळून देऊ नकोस. काय किती घालायचं, तिच्या मनानं ती घालील.